शेवंतीचा रुसवा

अख्ख्या रायगड जिल्ह्यात खुद्द घोडीचीच परवानगी घेऊन तिच्या पाठीवर खोगीर टाकणारा माणूस एकच, आणि तो नेमका आमच्या नात्यात निघाला. माझ्या मावशीचे यजमान. आम्ही त्यांना काका म्हणतो, पेणपासून रोह्यापर्यंतचे लोक घोडीवाले म्हणतात, आणि मावशीला विचाराल तर ती 'त्या घोडीचा नवरा' म्हणते, तेही न हसता. लग्नसराईत वरातीला घोडी नेणं हा त्यांचा धंदा. घोडीचं नाव शेवंती. अंगानं सडपातळ, पांढरीशुभ्र, आणि स्वभावानं, काकांच्या भाषेत, 'मोठ्या घरची'. मोठ्या घरची म्हणजे काय, तर खोगीर नुसतं नजरेला पडलं की बाईसाहेबांचे कान मागे पडायचे आणि तोंड भिंतीकडे वळायचं. पोटाखालून तंगाचा पट्टा आवळायला जावं तर पोट टम्म फुगवून उभी. तरीही आवळलाच, तर मान वळवून काकांच्या डाव्या बाहीला चावा. काकांच्या एकाही शर्टाची डावी बाही धड नव्हती. मावशीनं पुढे पुढे ठिगळं लावणंच सोडून दिलं. "तिलाच सांगा शिवायला," म्हणाली.

दुसरा कुणी असता तर दोन फटके ठेवून मोकळा झाला असता. काकांनी उभ्या जन्मात तिच्यावर हात उगारला नाही. ते तिच्यापुढे बादली पालथी घालून बसायचे आणि समजूत काढायचे. समजूत म्हणजे काय, तर नवऱ्यामुलाची सगळी कुंडली. "बघ गो शेवंते, पोरगा गुणाचा हाय. धाटावला कंपनीत हाय, पर्मनंट हाय. परवापरेंत शिफ्ट करत व्हता बिचारा. आई त्याची जिते गावची, शांत बाई हाय. तुला काय तरास नाय व्हनार." एवढ्यावर तिचा एक कान जरी पुढे आला तरी काका त्याला होकार धरत. नाही आला, तर मग मुलीकडची माणसं कशी आहेत, मांडव कुठे घातलाय, पंगतीला काय आहे, अशी माहिती चालूच. तोवर स्वतः चहाचा घोट घ्यायचे नाहीत. कुणी आग्रह केला तर म्हणायचे, "ती रुसून उभी, आन मी च्या पिऊ व्हय?"

रोह्याच्या एका लग्नात तर कहरच झाला. बँडवाल्यांची सगळी गाणी वाजवून संपली, त्यांनी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली, तरी शेवंतीचे कान मागेच. नवऱ्याची आई तणतणत आली. "अवो घोडीवाले, लगीन माज्या पोराचं हाय का तुमच्या घोडीचं?" काका बादलीवरून न उठता म्हणाले, "आई, तुमच्या पोराला एकदाच बसायचंय. हिला दर मुहूर्ताला बसवून घ्यायचंय. हिचं नको आयकायला?" शेवटी नवरदेवानंच मुंडावळ्या बाजूला सारून घोडीपुढे हात जोडले आणि म्हणाला, "मावशी, चला ना आता." या चारपायी मावशींनी त्याच्या शेरवानीची बाही धरली! मी तिथे होतो. सगळं मोबाइलवर टिपलं, वर हसऱ्या तोंडांची चित्रं चिकटवली आणि घरच्या ग्रुपवर टाकलं. पुढे कुठल्याही बारशाला, साखरपुड्याला गेलो की लोक मला शेवंती करून दाखवायला सांगायचे. मीही पोट फुगवून, मान वाकडी करून दाखवायचो. माणसं हसून हसून डोळे पुसायची.

ते खोगीर काकांच्या वडिलांचं. त्यांच्याकडेही वरातीचा घोडा असायचा, चांगला आडवा, भरलेला. वडील गेले, घोडा गेला, खोगीर राहिलं. शेवंती आणली तेव्हा काकांनी तेच तिच्या पाठीवर चढवलं. दर आठवड्याला त्याला तेल पाजायचे, पितळी कड्या चिंचेनं घासायचे. नवीन घ्या असं कुणी म्हणालं तर रागावायचे. "बाबांचा हात लागलाय त्याला," एवढंच म्हणायचे.

यंदा लग्नं सुरू व्हायच्या आधी गावात गुरांना लस टोचायला एक डॉक्टरीणबाई आली. नवीनच होती, वयानं लहान. काकांनी मोठ्या कौतुकानं तिला शेवंतीचे नखरे सांगितले. ती हसली नाही. तिनं घोडीच्या पाठीवरून दोन बोटं दाबत नेली. मधोमध आल्याबरोबर शेवंतीची पाठ खाली गेली आणि सगळी कातडी थरथरली. बाईनं खोगीर आणायला लावलं, तसंच वर ठेवलं आणि खाली हात घालून दाखवलं. "हे रुंद पाठीच्या जनावराचं आहे, काका. हिच्या कण्यावर बसतंय. ही रुसत नाही हो, हिला दुखतंय. खोगीर लागून उठलेले डाग पांढरेच असतात, ते हिच्या पांढऱ्या अंगावर दिसले नाहीत, एवढंच. किती दिवस घालताय?" मावशीच म्हणाली, "पयल्यापासनं."

पाठ बरी होईल, पण तिच्यावर माणूस बसवायचं विसरा, असं सांगून बाई गेली. काकांनी त्याच दिवशी ठरलेल्या लग्नांना एकेक फोन करून नाही म्हणून कळवलं. मी घरी येऊन तो व्हिडिओ पुन्हा पाहिला. तंग ओढताना घोडीची पाठ कशी दबते, डोळा कसा फिरतो, सगळं स्वच्छ दिसत होतं. मला माझीच शरम वाटली. व्हिडिओ पुसून टाकला, पण ग्रुपमधल्या किती जणांकडे तो अजून असेल, कुणास ठाऊक.

गेल्या महिन्यात मी त्यांच्याकडे गेलो. पेणहून धरमतरकडे जाताना मिठागरांच्या कडेला त्यांचं घर आहे. शेवंती मोकळी उभी होती, पाठ भरून आलेली. काका दिवसभर तिचं सगळं करतात, पण तिच्याशी अवाक्षर बोलत नाहीत. मावशीनं मला हे आधीच सांगितलं होतं, तरी राहवेना म्हणून मी विचारलं. खाली मान घालून म्हणाले, "काय तोंडानं बोलू रे? मी तिला पोरांचे गुण सांगत व्हतो, आन ती मला दुखतंय म्हनून सांगत व्हती."

मग ते गवताची पेंढी घेऊन निघाले. त्यांना येताना पाहून शेवंती दोन पावलं मागे सरली. काका जागीच थांबले. पेंढी जमिनीवर ठेवली, परत आले आणि तिच्याकडे पाठ करून माझ्याशेजारी ओट्यावर बसले. "मी बघत असलो की ती खात नाय," म्हणाले. समोर मिठाच्या राशी उन्हात पडलेल्या.

बऱ्याच वेळानं, मान न वळवता, अगदी हळू आवाजात त्यांनी विचारलं, "खाते का रे?"

"खातेय, काका," मी म्हटलं.