बाज वळली पाह्यजे

नव्या घराच्या गृहप्रवेशाला सिस्टरला बोलावणं ही जोखीम होती. बाकीचे पाहुणे फरशीला वा म्हणायचे, किचनचे ड्रॉवर उघडून बंद करायचे. सिस्टर सरळ जिन्यापाशी जायची, मान वर करून पाहायची आणि घरधन्याला विचारायची, "वरचा मानूस मेला त खाली कसा आनसान?" हातात जिलबीची प्लेट असायची.

सिस्टर म्हणजे आमची आत्या. सारी नोकरी तिनं मुकुटबनकडच्या खेड्यांत नर्स म्हणून केली. निवृत्त होऊन पांढरकवड्याला आमच्याकडे राहायला आली, तेव्हा तिकडचं 'सिस्टर' हे नावही सामानाबरोबर आलं. लग्न केलं नव्हतं. काहून नाही केलं, असं कोणी विचारलंच, तर ती त्याचा हात ओढून नाडी बघायची आणि म्हणायची, "तुमचं बीपी वाढून राह्यलं. घरी जा."

जिन्याच्या प्रश्नामागे कारण होतं. पावसाळ्यात गाडी गावापर्यंत पोचायची नाही. मग अडलेल्या बाईला बाजेवर घालून चौघं जण डांबरी रस्त्यापर्यंत आणायचे आणि सिस्टर बाजूनं सलाईनची बाटली उंच धरून चालायची. ती सांगायची, चिखलानं आपल्याला कधी अडवलं नाही. अडवलं ते दारांनी. बाज दारातून निघेना, म्हणून लोक ती तिरपी करत, आणि वरची बाई घसरू नये म्हणून तिला दोरानं बांधत. "बाज तिरपी केली का मानसाचं सामान होते," हे तिचं वाक्य आम्ही लहानपणापासून ऐकत आलो.

दादाला लेआउटमधल्या प्लॉटवर डुप्लेक्स बांधायचा होता. त्याच्या डोक्यात झुंबर आधी आलं, घर मागून. झुंबरासाठी दोन मजले उंच हॉल, हॉलच्या शोभेसाठी गोल जिना, आणि जिन्याखाली उरलेल्या जागेत, संडासाला लागून, एक खोली. नकाशात त्या खोलीवर 'पॅरेंट्स' असं लिहिलं होतं. आमचे आईबाप जाऊन बरीच वर्षं झाली होती.

सिस्टरनं चष्मा लावला. "हे कोनाची?"

"तुझीच ना, आत्या. गुडघे दुखतात तुझे. चढउतार नको."

"गुडघे माहे हायेत. खोली माही नाही."

"मग कुठं राहशील?"

"वर. गच्चीपाशी. हवा येते तठी. जिन्याखाली लोक बादल्या ठेवतेत. मी बादली हाओ काय बे?"

दादा हसला. इन्व्हर्टर, जुन्या गाद्या आणि म्हातारी माणसं जिन्याखालीच शोभतात, असा बहुतेक नकाशांचा समज असतो, आणि दादा नकाशाला मानणारा माणूस. प्लॉट सिस्टरच्या नावावर होता. पण ते तिनं एकदाही तोंडातून काढलं नाही. तिनं फक्त चुन्याची फक्की मागवली.

प्लॉटवर इंजिनिअरकडून तिनं अख्खा नकाशा फक्कीनं आखून घेतला, खऱ्या मापाचा, गोल जिन्यासकट. मग ऑटोतून आपली सुतळीची बाज आणली, तिच्यावर आडवी झाली आणि पर्स पोटावर ठेवली. "उचला."

दादा, मी, इंजिनिअर आणि मिस्त्री अशा चौघांनी उचललं. गोल जिन्यात शिरताच माझा पाय पांढऱ्या रेघेवर पडला.

"भिंतीतून गेले सारे!" ती पडल्या पडल्या ओरडली. "मागं या. पुन्हा."

पुन्हा गेलो. पुन्हा भिंत. शेजारच्या गच्चीवर माणसं जमली. एकानं हळहळत विचारलं, "कोन वारलं हो?"

"कोनी नाही वारलं!" बाजेवरून उत्तर गेलं. "घर बांधून राह्यलो!"

आधी इंजिनिअरला हसू फुटलं. त्यानं चपलेनं गोल जिना पुसला आणि मधोमध ऐसपैस चौक असलेला, दोन सरळ टप्प्यांचा जिना आखला. या खेपेला बाज चौकात आडवीच्या आडवी वळली. पण नव्या जिन्यानं उंच हॉल खाल्ला होता.

"अन् झुंबर कुठं लावू?" दादानं विचारलं.

"जिन्याखाली लाव. रिकामीच हाय ते खोली."

दादा बरेच दिवस धुसफुसत राहिला. पण घर तसंच झालं. पायऱ्या बुटक्या, दोन्ही बाजूंना कठडा, चौकात टेकायला कट्टा. त्या कट्ट्यावर बसून सिस्टर दोन्ही मजल्यांना आवाज द्यायची. मे महिन्यात वरची खोली भट्टी व्हायची. कूलरही गरम वारा फेकायचा. खाली चल म्हटलं, की म्हणायची, "उकडते त उकडते. खाली काय बर्फ पडून राह्यला?" एवढ्या म्हातारीला वर कायले चढवता, असं कोणा पाहुण्यानं दादाला ऐकवलं, की चौकातून उत्तर यायचं, "मले कोनी चढवत नाही. मी चढतो."

मागच्या हिवाळ्यात एका सकाळी ती वरच्या खोलीतच गेली, गच्चीचं दार उघडं ठेवून. आम्ही तिला तिच्याच बाजेवर घेतलं. चौकात आल्यावर सवयीनं एकाचा खांदा झुकला.

"तिरपी नाही!" दादा एवढ्यानं ओरडला, की खाली चाललेली रडारड थांबली.

बाज वळली. भिंतीला लागली नाही.

परवा महागावला एका गृहप्रवेशाला गेलो होतो. गोल जिना, वर भलंमोठं झुंबर. घरधनी दिवे लावून दाखवत होता. तेवढ्यात दादा जिलबीची प्लेट घेऊन जिन्यापाशी जाऊन उभा राहिला आणि त्यानं मान वर केली. मी त्याला आवरायला पुढं झालो; पण त्यानं तोंड उघडलं होतं.