बेलबॉटमची पिशवी

आज माझा मुलगा घेरदार पायांची पँट घालून आला आणि ऐंशी उलटलेले बाबा त्याला म्हणाले, "झकास दिसतोस रे!"

मी पेपरातून डोकं वर काढलं नाही. कॉलेजात असताना मीही अशीच बेलबॉटम शिवून घेतली होती. "असले थेर माझ्या घरात चालणार नाहीत," म्हणत याच बाबांनी आईला ती फाडायला लावली. आईनं तिची दळणाची पिशवी शिवली. पँट मी दोनदाच घातली; पिशवी मात्र वर्षानुवर्षं गिरणीत नेली.

वयानुसार बाप मऊ होतो म्हणतात. होतो, पण मुलाची पाळी उलटून गेल्यावर.

"अरे, पीठ संपलंय," बाबा मला म्हणाले.

मी उठून खुंटीवरची पिशवी घेतली. टेरिकॉटच ते, अजून विरलेलं नाही.