अर्जलेखकाचं पेन

सन १९९४. माझं वय सदुसष्ट. इंदापूरच्या कचेरीबाहेरचा अर्जलेखक महिनाभर आपलं नवं जाड, महागडं शाईपेन वापरून पारखत होता. "एकदा भरलं की आठ दिवस बघायला नको, तात्या. पण हात बदलला की निब बिघडतं," मला म्हणायचा. कुणाला शिवू देत नसे.

त्या दिवशी वाटणीच्या कागदावर सही करायची होती. मी दुसरी शिकलेला, पण जन्मात अंगठा दिला नव्हता. हात असा कापत होता की बॉलपेन उमटेना.

पुतण्या हसला. "द्या की अंगठा!"

मी अंगठा मुठीत दाबला. लेखकानं शाईचं पॅड मांडीखाली सारलं आणि आपलं पेन माझ्या बोटांत दिलं. "दाबू नका. टेकवलं की चालतंय."

सही वाकडी उमटली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पाटीवर नाव गिरवत बसलो. हात कापतच होता.