न्हाणीची कडी

सगळं बोलून झाल्यावर, फोन ठेवता ठेवता आई म्हणाली, "काल तुहे बाबा न्हाणीत जरासे घसरले. पडले नाही. भिंतीले धरलं."

मी बुलढाण्यात शाळेत शिकवते. आईबाबा रोहिणखेडला, दोघंच. बाबांनी पंच्याहत्तरी ओलांडली आहे, आई त्यांच्याहून थोडी लहान. त्या फोननंतर माझं कशात लक्ष लागेना. फळ्यावर लिहिताना त्यांचा हात ओल्या भिंतीवरून निसटताना दिसायचा. फोन वाजला की दचकायचे, आणि बराच वेळ वाजला नाही की तो सारखा उचलून बघायचे.

शनिवारी शाळा सुटल्यावर स्टीलचे दांडे आणि रबरी मॅट घेऊन, मोताळ्याला गाडी बदलून घरी पोचले. आमची न्हाणी अंगणाच्या कोपऱ्यात आहे. विटांच्या भिंती, वर दगड ठेवून दाबलेला पत्रा, खाली साबणाने गुळगुळीत झालेली शहाबादी फरशी. दार आत उघडायचं आणि त्याला आतून लोखंडी कडी.

बाबा खुर्चीतून माझी पिशवी बघत होते. "घराचा दवाखाना करून राह्यली का?"

"दांडे लावून घेते, बाबा. धरायले."

"लाव."

इतक्या सहज म्हणाले की मला धीर आला. "अन् दाराची कडी काढून टाकू. आतून लावायचीच नाही."

"कडी नाही काढायची," म्हणाले, आणि उठून ओट्यावर जाऊन बसले.

बाबा उघड्या अंगाने कधी अंगणातही आले नाहीत. भर उन्हाळ्यातसुद्धा अंगात बंडी असायची. न्हाणीतून बाहेर यायचे ते शर्टाची बटणं लावून, केस विंचरून. हे मला ठाऊक होतं, तरी मी संध्याकाळभर कडीचंच बोलत राहिले. ते नुसतं "पाहू" म्हणायचे.

मिस्त्री रविवारी दुपारी येणार होता. सकाळी बाबा आंघोळीला गेले, कडी लागली. मी चहा गाळत होते. बादली आपटल्याचा आवाज आला आणि पाठोपाठ काहीतरी जड पडल्याचा.

"बाबा?"

आतून काही नाही. मी दार ढकललं, ते बोटभर हलून कडीला अडलं. आई धावत आली. "अहो, आवाज द्या ना," ती पुन्हा पुन्हा म्हणत होती. मोरीतून साबणाचं पाणी वाहत बाहेर येत होतं. त्यात रक्त आहे का, हे मी वाकून बघत होते. दार तोडावं तर ते आत त्यांच्यावरच जाणार.

आमचा आवाज ऐकून शेजारचे भाऊ आले. पाण्याच्या टाकीवर पाय देऊन भिंतीवर चढले, दगड बाजूला केले आणि पत्र्याला हात घातला. तेव्हा आतून बारीक पण स्पष्ट आवाज आला.

"वरून कोणी पाहू नका."

भाऊ तिथेच थांबले.

"बाबा, लागलं का? बोलत काऊन नव्हते?"

"तू घरात जाय. तुह्या आईले राहू दे."

मी घरात गेले आणि भिंतीला टेकून उभी राहिले. इथून दिसत काहीच नव्हतं. आईने नंतर सांगितलं, की भाऊंनी तोंड फिरवून पत्र्याच्या फटीतून टॉवेल आत सोडला. फरशीवर सरकल्याचा आवाज येत राहिला, मध्येच थांबला, पुन्हा आला. मग एकदाची कडी निघाली.

डावं मनगट सुजून टम्म झालं होतं. भाऊंच्या गाडीतून बुलढाण्याला जाताना बाबा खिडकीबाहेर बघत म्हणाले, "समदं ऐकू येत होतं मले. अंगावर काही नव्हतं, अन् तू दारात होती."

मला राग आला होता, तरी खड्डा आला की त्यांचा हात मी सावरून धरत होते. मनगट मोडलं होतं. डॉक्टरांनी प्लास्टर घातलं.

पुढच्या आठवड्यात मिस्त्रीने दांडे बसवले, दार बाहेर उघडेल असं करून दिलं. कडीचं मी काही बोलले नाही. आईच म्हणाली, "काढून टाका ते कडी. मी बाहेर बसते. कोणी येणार नाही."

बाबांनी तिच्याकडे पाहिलं. "बरं," म्हणाले.

आता ते न्हाणीत असले की आई दाराबाहेर भाजी निवडत बसते.

"पाणी बरं आहे का?"

"हाव."

"साबण भेटला?"

"हाव."

उत्तर यायला उशीर झाला की तिचा हात थांबतो.

गेल्या खेपेला मी तिला विचारलं, "तू आंघोळीले जाते तवा कोण बसते?"

"तेच बसतात. पण खुर्चीत बसल्या बसल्या झोप लागते त्यायले." ती हसली. मला हसू आलं नाही.

"दांडा तरी धरते ना?"

"धरते. उंच होते तो मले, टाचा उचला लागतात."

ओल्या फरशीवर टाचा उचलून. त्या दिवशी मी परत जाणं रद्द केलं आणि मिस्त्रीला बोलावलं. आई म्हणत होती, एवढ्यासाठी कशाला. बाबांनी तिला न्हाणीत उभं केलं, हात पुढे करायला लावला आणि तो जिथे टेकला तिथे भिंतीवर पेन्सिलीने खूण केली. "इथं बसव," ते मिस्त्रीला म्हणाले, आणि काम संपेपर्यंत दारातून हलले नाहीत.