गिअरबॉक्सवरचा तळहात

अख्ख्या परळ-लालबागात गाडीची नाडी ओळखणारे दोघंच, एक माझ्या बायकोचे मामा आणि दुसरा मी. पैकी मी ड्रायव्हर म्हणून लागलो त्या दिवशी बॉनेट उघडायला वॉचमनला बोलवलं होतं.

मामा गिरणीत साच्यांवर, म्हणजे कापड विणायच्या मागांवर, फिटर. संपात गिरणी गेली, कान तर त्याआधीच साच्यांच्या खडखडाटात गेलेले. मग पोटासाठी गाड्या दुरुस्त करायला लागले, त्याही हातानेच ऐकून. गाडीवर तळहात ठेवायचे, डोळे मिटायचे. गिऱ्हाईक तोंडाने खर्र-खट्ट वाजवून दाखवायला लागलं की दुसरा हात त्याच्या तोंडावर. समोरच्याचे मात्र ओठ वाचायचे. म्हणून मी एकदा त्यांच्या पाठीमागे उभा राहून हळूच शिवी घातली, समोर गाडीचा आरसा होता ते विसरून. तेव्हापासून मला 'जावईबापू' म्हणतात, तेही दात खाऊन.

मी शिवाजी पार्कच्या एका रिटायर डॉक्टरीणबाईंची ऑटोमॅटिक गाडी चालवायचो. दिवाळीच्या तोंडावर ती बिनसली. पळता पळता स्पीडचा काटा शून्यावर यायचा, गिअर अडकायचा आणि मग असा धक्का बसायचा की बाईंचा चष्मा मांडीवर. गॅरेजवाला म्हणाला, अख्खा गिअरबॉक्स बदला. बाई म्हणाल्या, त्यापेक्षा विकून टाकते. आता गाडीच नसेल तर ड्रायव्हर काय सोफ्यावर बसवणार? बायकोला सांगायची हिंमत नव्हती, म्हणून तिच्या मामांना सांगितलं.

मामा शेजारी बसले, वडाळ्यापर्यंत गाडी न्यायला लावली. हात गिअरच्या दांड्याशी. काटा मेला, धक्का बसला आणि मामा चक्क हसले. म्हणाले, गिअरबॉक्स ठणठणीत आहे, खबर देणारा मेलाय. साच्यावरपण धागा तुटल्याची खबर देणारा काटा असायचा. तो बिघडला की चांगला साचा उगाच थांबायचा. इथे गाडीचा वेग सांगणारा सेन्सर आहे, तो गप्प झाल्यावर गिअर बिचारा आंधळा. मी समजल्यासारखी मान हलवली. ही कला मला उपजत आहे.

परत येऊन सेन्सरची वायर काढली तर आतल्या पिना हिरव्यागार, चिकट. मामांनी त्या पुसल्या, चाक जॅकवर उचलून मला फिरवायला लावलं, मीटर लावून बघितलं. सेन्सर ढिम्म. शेजारीच नारळाच्या शेंडीचा एक धागा चिकटलेला. मामा माझ्याकडे बघत राहिले.

कबूल केलं. खंडेनवमीला बाकीचे ड्रायव्हर नारळ चाकापुढे फोडतात. माझी भक्ती जास्त, मी बॉनेट उघडून इंजिनावरच फोडला. सगळं पाणी आत.

वाटलं, आता खातात मला. पण मामा हळूच म्हणाले, "आम्हीपण साच्यांना झेंडूच्या माळा घालायचो. संपानंतरच्या खंडेनवमीला माळ घेऊन गेलो, तर आत कोण सोडतंय. गेटलाच बांधली." इंजिन बंद होतं, तरी त्यांचा हात बॉनेटवरच.

नवा सेन्सर बसवला, गाडी लोण्यासारखी पळायला लागली. बाईंकडे नेली तेव्हा मी छाती काढून म्हणालो, आम्ही दोघांनी मिळून शोधलं. बाईंनी मामांसमोर येऊन विचारलं, मग ठेवू ना गाडी?

मामा म्हणाले, "गाडी ठेवा, बाई. विकायचाच तर हा ड्रायव्हर विका, कोणी घेतला तर."