वत्सलाची तोंडी परीक्षा

पहिला किस्सा मी स्वतः पाहिलेला नाही, हे आधीच नमूद करते. मुलांच्या वर्तनाची नोंद ठेवायला बसले, की नोंदी होतात चार आणि किस्से साचतात चाळीस. त्यांतले निम्मे ऐकीव असतात. हा मला शाळेच्या शिपायाने, गुलाबने, सांगितला.

महाराष्ट्र राज्य होऊन दोन-तीन वर्षे झाली होती. मानसशास्त्रात एम.ए. करून मी नागपूरहून नांदुऱ्याच्या एका शाळेत रुजू होणार होते. आदल्या दिवशी हेडमास्तरांनी प्रार्थनेनंतर जाहीर केले, "उद्यापासून बिघडलेल्यांसाठी स्वतंत्र बाई येत आहेत!"

त्याच संध्याकाळी फाटकाशी बायका जमल्या. गुलाबच्या मते सात, हेडमास्तरांच्या मते चार. गुलाबने विचारले, "पोरं कुठी हायेत?"

त्यांतली एक म्हणाली, "पोरगं बरं हाये. त्याच्या बापाले दाखवाचं हाये!"

*

रुजू होताच मी प्रत्येक वर्गशिक्षकाला एक फॉर्म दिला. अकारण रडणे, एकाएकी चिडणे, मारामारी, एकटे बसणे. ज्या मुलांत अशी लक्षणे दिसतात त्यांची नावे लिहावीत, इतकेच काम.

ड्रिलच्या तायडे सरांनी त्रेचाळीसपैकी एकेचाळीस नावे लिहिली. उरलेले दोघे निर्दोष कसे, असे मी विचारले.

"ते नाव घातल्यापासून शाळेत आलेच नाहीत!"

सातवीच्या वर्गशिक्षकांनी मात्र फॉर्म कोरा परत केला. "माझ्या वर्गात तक्रारच नाही, बाई. ती वत्सला पाहा. दोन वर्षांत एक शब्द बोललेली नाही. इतकी गुणी मुलगी!"

*

वत्सला वडनेर भोलजीहून रोज बसने येई. लेखी परीक्षेत तिचे गुण उत्तम. शाळेत आवाज शून्य. मी तिच्या वडिलांना, श्यामरावांना, बोलावून घेतले.

"घरी तं रेडिओ हाये, बाई," ते म्हणाले. "मले सुखानं जेवू देत नाही!"

अडचण अशी, की सातवीची तोंडी परीक्षा घ्यायला बाहेरचे परीक्षक येत. जो बोलणार नाही त्याला शून्य, आणि तोंडीत नापास तो सातवीत नापास. श्यामरावांनी आपला निर्णय तिच्यासमोरच सांगितला. "नापास झाली तं शाळेतून नाव काढतो. मंग बसन घरीच बोलत."

वत्सलाचे डोळे भरले. मी तिच्यापुढे पाटी सरकवली आणि विचारले, "शाळेत का बोलत नाहीस?"

तिने सुवाच्य अक्षरांत लिहिले, "काऊन ते मले बी नाही माहीत."

माझ्या सगळ्या नोंदींमध्ये इतके प्रामाणिक वाक्य दुसरे नाही.

*

मुलांशी निवांत बोलता यावे म्हणून मला नकाशांची खोली मिळाली. आठवडाभरात दाराबाहेर रांग लागली. पाचवीतला एक मुलगा म्हणाला, "बाई, मले लय राग येते."

"कधी येतो?"

"गणिताच्या तासाले."

मी भेटीची वेळ खेळाच्या तासाला ठेवली. रांग एका दिवसात नाहीशी झाली, आणि हेडमास्तरांनी वरती रिपोर्ट पाठवला: "सर्व मुले पूर्ण बरी झाली."

*

मुलाच्या मनात घरातल्या कोणाला किती जागा आहे, हे ओळखण्यासाठी त्याला मातीचे कुटुंब करायला सांगावे, असे मला शिकवले होते. मी ते सांगितले नेमके पोळ्याच्या आदल्या आठवड्यात.

वत्सलाने दोन भले थोरले बैल केले आणि शेजारी अंगठ्याएवढा बाप. मी दीड पानाचे टिपण लिहिले: वडिलांचे भय, त्यातून त्यांना लहान करण्याची इच्छा, इत्यादी. ते श्यामरावांना गंभीरपणे वाचून दाखवले.

त्यांनी बैल उचलून सगळ्या बाजूंनी निरखला. "वशिंड झकास काढलं पोरीनं! बाई, पोळ्याले बैलच मोठा राहते. माणसाले कोण पायते?"

बाकीच्या मुलांची कुटुंबे मी त्यानंतर पाहिली. प्रत्येकात बैल होते. दोघांच्या कुटुंबात बैलच होते!

*

तायडे सरांचा निदानावर विश्वास नव्हता. "भीतीनं गेलेला आवाज भीतीनंच येतो," म्हणत त्यांनी एकदा, मला न विचारता, वत्सलाच्या कानामागे ड्रिलची शिट्टी फुंकली.

वत्सला दचकलीसुद्धा नाही. शेजारच्या खोलीत हेडमास्तरांच्या धोतरावर चहा सांडला, आणि त्यानंतर ते जे बोलले ते मी नोंदवहीत लिहिलेले नाही.

*

मग परीक्षेचा दिवस आला. चारचौघांत ती बोलत नाही, एवढे मला पुरते कळले होते. म्हणून खोलीत फक्त ती आणि परीक्षक, दार बंद, जवळपास कोणीही नको, अशी व्यवस्था मी करवून घेतली. गुलाबलासुद्धा पाण्याच्या टाकीपाशी पाठवले.

"तिला घाई करू नका," मी परीक्षकांना विनवले.

"पंचवीस वर्षं पोरं बोलती करतोय, बाई!" असे म्हणून त्यांनी दार लावले.

श्यामराव पहिल्या बसने आले होते. नाव काढण्याचा अर्ज लिहूनच आणला होता. तो कोपरीच्या खिशातून बाहेर डोकावत होता. ते कडुनिंबाखाली बसले. मी उभी राहिले. दहा मिनिटे झाली, पंधरा झाली.

वत्सला बाहेर आली, टाकीवर जाऊन पाणी प्यायली आणि वडिलांच्या शेजारी येऊन बसली.

"बोललीस?" मी विचारले.

तिने माझ्याकडे पाहिले आणि वेणीची रिबीन घट्ट केली.

परीक्षक दुपारच्या बसने गेले, आणि हेडमास्तरांनी गुणपत्रक आणून माझ्या हातात दिले. वत्सला, सातवी, वीसपैकी अठरा. शेऱ्याच्या रकान्यात लिहिले होते: "उत्तरे बरोबर. बडबड कमी करावी."

श्यामरावांनी ते दोनदा वाचले. "हे आमच्याच पोरीचं हाये ना?" असे विचारून त्यांनी अर्जाचे चार तुकडे केले.

वत्सला आठवीत बसली. वर्षभर शाळेत तिचा आवाज कोणीही ऐकला नाही.

शेवटी न राहवून मी परीक्षकांना पत्र लिहिले: ती त्या दिवशी नेमके काय बोलली, ते कृपया कळवावे. उलट टपाली कार्ड आले. त्यावर दोनच शब्द होते.

"शेरा कायम."