माठ वाजवून पाहणारी

बाजारात माठ घ्यायला गेले होते. माझ्या पुढचे एक गृहस्थ उभ्याउभ्याच म्हणाले, "कच्चे आहेत सगळे." माठ विकणाऱ्या बाईंनी मानसुद्धा वर केली नाही. मला नवल वाटलं. मी असते तर भांडलेच असते. मग एक म्हातारी आली. उकिडवी बसून तिने एकेका माठाला टिचकी मारली, कान लावला आणि एक पुढे सरकवला. "हा बद्द वाजतोय गं." बाईंनी तो स्वतः वाजवून पाहिला आणि बाजूला ठेवला.

त्या गृहस्थांना उत्तरही नाही, आणि म्हातारीचं मात्र लगेच ऐकलं. असं का?

गेल्या आठवड्यात मी शाळेत मुलांचं नाटक बसवलं. एक सहशिक्षक म्हणाले, "नुसती पोपटपंची!" ते नाटकाला आलेच नव्हते. शाळेतल्या शिपाई शांताबाई म्हणाल्या, "बाई, शेवटचं काही ऐकू आलं नाही." मी दोघांवरही सारखीच फुगले होते. पुन्हा नाटक बसवायचं नाही, असं ठरवूनही टाकलं होतं.

माठ घेऊन घरी येताना आठवलं, शांताबाई शेवटच्या रांगेत पडदा पडेपर्यंत बसून होत्या. कुठल्या वाक्यापासून ऐकू येईना, हे मी त्यांना विचारलंसुद्धा नव्हतं.